लाइट लावली की डिझेल कमी होतं



आजची नोंद टोमॅटोची नाही, टोमॅटो वाहून नेणाऱ्या गाडीची आहे. पण तिचा संबंध आपल्या हिशेबाशी आणि एका माणसाच्या इभ्रतीशी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. ज्यांच्याकडे १५-२० वर्षं जुना ट्रक, टेम्पो किंवा पिकअप आहे त्यांनी सवडीने वाचा.

आमच्या भावकीतल्या तीन घरांत मिळून एक छोटा ट्रक आहे. २००७ चं मॉडेल, ६० लिटरची टाकी. हंगामात नारायणगावला भाव बरा असेल तर माल तिकडे जातो, नाहीतर ओतूरहून माळशेज घाट उतरून मुरबाड, कल्याण करत वाशीला. आमच्या शेतावरून वाशीला जाऊन-येऊन २९६ किलोमीटर होतात. ड्रायव्हर गावातलाच, सहा वर्षं आमच्याकडे आहे. रात्री घाटात धुकं असो, पाऊस असो, माल पहाटेच्या आत मार्केटला पोचवणारा माणूस.

गाडीचा हिशेब माझा चुलत भाऊ बघतो. आम्ही सगळे त्याला अण्णा म्हणतो. अण्णा हिशेबाला पक्का. तीन घरांचा पैसा आहे म्हटल्यावर असावंच लागतं. त्याने एक पद्धत लावून दिली होती. संध्याकाळी गाडी निघताना ड्रायव्हरने डिझेलच्या काट्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा आणि वाशीला पोचल्यावर दुसरा. डिझेल भरायचं ते रुपयांवर. दोन हजारांचं टाक, तीन हजारांचं टाक, असं. टाकी पूर्ण भरायची पद्धत आमच्याकडे नव्हती, आणि माझ्या माहितीत बऱ्याच घरांत नसते. खिशात असेल तेवढं टाकायचं आणि पुढे निघायचं.

यंदाच्या हंगामात फोटोंचं गणित बसेना. निघताना काटा पाऊण टाकीवर, वाशीत पोचल्यावर पाव टाकीच्या थोडा वर. म्हणजे एका बाजूच्या १४८ किलोमीटरला ३० लिटर. गाडी खाते साधारण १३ लिटर. मग उरलेलं १७ लिटर गेलं कुठं? एकदा झालं, दोनदा झालं, दर खेपेला तेच. रात्रीच्या वाटेवर ढाब्यांच्या मागे डिझेल काढून विकलं जातं हे आपण सगळेच ऐकून आहोत. अण्णाने दोन महिने वाट बघितली आणि एका संध्याकाळी क्रेट भरताना, हमाल पोरांच्या देखत, ड्रायव्हरला विचारलं. त्या महिन्याच्या पगारातले २,००० रुपये अडकवून ठेवले.

ड्रायव्हर फार बोलला नाही. एवढंच म्हणाला, "अण्णा, माझ्या हातून थेंब गेला असंल तर चावी घ्या." चावी बॉनेटवर ठेवली. त्या दिवशीचा माल मग शेजारच्या गाडीने भाड्यावर गेला.

आता अण्णाचं गणित चुकीचं होतं का? नव्हतं. बेरीज-वजाबाकी बरोबर होती. प्रश्न होता तो ज्या साक्षीदारावर गणित उभं होतं त्याचा, म्हणजे त्या काट्याचा.

मी गाडीला हात लावण्याआधी पावत्या काढल्या. पंपाच्या पावतीवर रुपयांबरोबर लिटरही छापलेले असतात. ते आपण बघत नाही, पण असतात. दोन महिन्यांत वाशीच्या ११ खेपा झाल्या होत्या, दुसरीकडे गाडी गेली नव्हती. ११ गुणिले २९६ म्हणजे ३,२५६ किलोमीटर. पावत्यांवरचे लिटर मिळवले तर २९८ भरले. भागाकार केला तर लिटरला जवळपास ११ किलोमीटर. गेल्या हंगामातली सरासरीही तेवढीच होती.

आता दर खेपेला १७ लिटर चोरीला गेलं असं धरू. ११ खेपांचं झालं १८७ लिटर. मग २९८ मधून १८७ वजा जाता राहिलं १११ लिटर, आणि तेवढ्यावर गाडी ३,२५६ किलोमीटर पळाली. लिटरला २९ किलोमीटर! क्रेटनी भरलेला ट्रक घाटातून ये-जा करत २९ चं अॅव्हरेज देत असेल, तर ड्रायव्हरला कामावरून काढायच्या ऐवजी गाडीची पूजा करायला पाहिजे. आणि ही चोरी फक्त जातानाची धरली, येतानाची नाही.

कागद अण्णापुढे ठेवला. त्याने दोनदा बेरीज केली आणि म्हणाला, "मग काटा खोटं बोलतोय का?" मी म्हटलं, तेच बघायचंय.

इथे थोडं थांबून हा काटा चालतो कसा ते सांगतो, कारण ते कळलं की निम्मा दोष घरीच सापडतो.

टाकीच्या आत एक तरंगणारा फ्लोट असतो. आपल्या पाण्याच्या टाकीतल्या बॉल कॉकला असतो तशातलाच. हा फ्लोट एका बारीक दांडीच्या टोकाला बसवलेला असतो आणि दांडीचं दुसरं टोक रेझिस्टन्सच्या एका पट्टीवरून सरकतं. डिझेल खाली गेलं की फ्लोट खाली जातो, दांडी पट्टीवर पुढे सरकते आणि विजेला होणारा अडथळा बदलतो. बॅटरीचा करंट डॅशबोर्डवरच्या मीटरमधून एका वायरीने टाकीपर्यंत येतो, पट्टीतून जातो, मग अर्थच्या वायरीने किंवा युनिटच्या पत्र्यातून चॅसीत उतरतो आणि चॅसीतून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जातो. हा फेरा पूर्ण झाला तरच काटा हलतो.

म्हणजे बघा, काटा डिझेल मोजतच नाही. तो त्या फेऱ्यातला अडथळा मोजतो. मधल्या एखाद्या बोल्टला गंज चढला आणि त्याने अडथळा वाढवला, तर काट्याला डिझेल आणि गंज यातला फरक कळत नाही.

आमच्या गाडीत टाकी रिकामी असली की अडथळा जास्त आणि भरली की कमी, अशी रचना आहे. त्यामुळे फेऱ्यात कुठेही जादा अडथळा आला की काटा डिझेल कमी दाखवणार. पण सगळ्या गाड्यांत असं नसतं. काही मीटर रिकाम्या टाकीला १० ओहम आणि भरल्या टाकीला १८० ओहम धरतात. काही २४० ला रिकामी आणि ३३ ला भरलेली. पहिल्या जातीच्या गाडीत अर्थ खराब झाला तर काटा उलट खोटं बोलतो, टाकीत नसलेलं डिझेल दाखवतो. ते जास्त वाईट. कमी दाखवलं तर घरात भांडण होतं, जास्त दाखवलं तर गाडी घाटात उभी राहते.

कागद झाला, आता गाडी. ड्रायव्हरला निरोप पाठवून बोलावलं. आला, पण लांबच उभा राहिला. मी विचारलं, काट्याबद्दल तुला काही वेगळं जाणवलं का? तो म्हणाला, "दादा, मी बोललो व्हतो, पण हसतील म्हणून परत नाय बोललो. लाइट लावली का डिझेल कमी व्हतंय, बंद केली का वाढतंय."

सगळा उलगडा त्या एका वाक्यात होता. निघतानाचा फोटो संध्याकाळी उजेडात, लाइट बंद. वाशीतला फोटो रात्री एक वाजता, लाइट चालू. दोन फोटो म्हणजे एकाच टाकीच्या दोन वेगळ्या साक्षी होत्या.

लगेच अंगणात चाचणी केली. इंजिन बंद, चावी ऑन. काटा अर्ध्याच्या वर. लाइट लावली, काटा हळूहळू उतरायला लागला. ब्रेक दाबून धरला, आणखी खाली. लाइट बंद करून इंडिकेटर लावला तर टिक-टिकबरोबर काटाही थरथरायला लागला. अण्णा बाजूच्या सीटवर बसून बघत होता. टाकीला कोणाचा हात लागला नव्हता आणि डिझेल त्याच्या डोळ्यांसमोर पाव टाकीने कमी-जास्त होत होतं.

असं का होतं ते पाण्याच्या भाषेत सांगतो. दोन वावरांचं पाणी एकाच सामाईक चारीतून निघतं असं समजा. चारी साफ असेल तर दोघांचं पाणी बिनबोभाट जातं. पण चारीत गाळ साठला आणि शेजाऱ्याने मोठं पाणी सोडलं, तर चारी तुंबते आणि तुमच्या वावरातलं थोडंसं पाणीही पुढे सरकत नाही. आमच्या गाडीत टाकीतल्या युनिटची अर्थची वायर आणि मागच्या दिव्यांची अर्थची वायर एकाच बोल्टवर आवळलेली होती. दिवे बंद असताना त्या बोल्टमधून फक्त काट्याचा बारीकसा करंट जायचा, तेवढा निघून जायचा. दिवे लागले की त्यांचा मोठा करंट त्याच गंजक्या बोल्टवर येऊन तुंबायचा, आणि काट्याच्या करंटला वाट मिळायची नाही.

मागचे दिवे मंद लागतात ही तक्रारही जुनीच होती. ड्रायव्हरने दोनदा बल्ब बदलले होते. दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच होतं.

मल्टीमीटर आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे मोटरच्या पॅनेलसाठी असतोच. तो डीसी व्होल्टवर लावला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं टाकीवरच्या युनिटच्या अर्थला. अर्थ चांगला असेल तर इथे जवळजवळ शून्य दिसायला पाहिजे. टेल लाइट लावल्यावर आमच्या गाडीत १.८ व्होल्ट आले, ब्रेक दाबल्यावर ४.८. बारा व्होल्टच्या गाडीत पावणेपाच व्होल्ट एका बोल्टवर वाया जात होते.

तो बोल्ट चॅसीच्या आडव्या पट्टीवर, हौद्याच्या खाली होता. पाना लावला तर निम्मा चुरा हातात आला. वर पांढरट-हिरवट खपली. याला कारणही आपणच. हीच गाडी खताच्या गोण्या आणते. पोटॅश म्हणजे एक प्रकारचं मीठच. गोणी फाटते, सांडलेलं खत हौद्याच्या फटीतून खाली जातं, वरून क्रेटचं पाणी आणि पावसाचा चिखल. लोखंड आणि तांबं दोन्ही खायला एवढं पुरेसं आहे. खत वाहिल्यावर हौदा वरून धुतो, पण खालून चॅसीवर पाणी मारायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. आता आम्ही मारतो.

दुरुस्ती अशी केली. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. बोल्ट काढून चॅसीची ती जागा तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने लखलखीत धातू दिसेपर्यंत घासली. वायरींची कुजलेली टोकं कापून तांबं स्वच्छ दिसेपर्यंत मागे गेलो, नवीन लग दाबून बसवले. नवीन बोल्ट, दातेरी वायसर, घट्ट आवळून वरून ग्रीस. ग्रीस जोडावर आधी लावायचं नाही, जोड आवळून झाल्यावर वरून लावायचं. आणि टाकीच्या युनिटला दिव्यांच्या सोबत न ठेवता अडीच एमएमची वेगळी अर्थ वायर काढून दुसऱ्या स्वच्छ बोल्टवर दिली. शेजाऱ्याच्या चारीचा संबंधच ठेवला नाही. सामान सगळं मिळून शंभर रुपयांच्या आत. त्याआधी गॅरेजवाल्याने मीटर आणि युनिट दोन्ही बदलायचे ४,५०० सांगितले होते. ते बदलून त्याच कुजक्या बोल्टवर आवळले असते तर काटा नवा आणि खोटं जुनंच राहिलं असतं.

परत मोजलं. लाइट आणि ब्रेक दोन्ही चालू असताना ०.१ व्होल्ट. काटा जागचा हलला नाही. मागचे दिवे नव्यासारखे.

एक दुखणं मात्र राहिलं होतं. अर्ध्या टाकीच्या आसपास काटा मध्येच उडी मारायचा. यासाठी टाकीतलं युनिट बाहेर काढावं लागलं. टाकी जवळपास रिकामी असताना हे काम करायचं. आधी युनिटभोवतीची माती ब्रशने आणि फडक्याने पुसून काढायची, नाहीतर स्क्रू सुटताच ती सरळ टाकीत पडते. युनिट हातात घेऊन मल्टीमीटर ओहमवर लावला आणि दांडी खालून वर सावकाश नेली. खाली ११० च्या आसपास, वर ५ च्या आत, पण मध्यावर एका जागी आकडा गायब व्हायचा. रुपयांवर डिझेल भरणाऱ्या गाडीचा फ्लोट आयुष्यभर मध्यावरच वर-खाली होतो, त्यामुळे पट्टी तिथेच झिजते. युनिट नवीन घेतलं, ८५० रुपये. दुकानातच मीटर लावून दोन्ही टोकांचे आकडे जुन्याशी जुळवून घेतले. दिसायला सारखं आणि ओहममध्ये वेगळं, असं युनिट बसवलं तर काटा कायमचा वेड्यासारखा वागतो. सोबत पॅकिंग नवीन टाकलं, जुनं पॅकिंग परत बसवलं की टाकी भरल्यावर डिझेल पाझरतं.

तुमच्याकडे काटा बिघडला तर शोध कुठून सुरू करायचा, ते थोडक्यात सांगतो.

डिझेलच्या काट्याबरोबर टेंपरेचरचा काटाही चुकत असेल तर टाकीकडे जाऊच नका. दोन्ही मीटरना मिळणारा सप्लाय किंवा डॅशबोर्डमागचा व्होल्टेज रेग्युलेटर बघा.

फक्त डिझेलचा काटा चुकत असेल तर आधी लाइट, ब्रेक, इंडिकेटर लावून बघा. काटा नाचला तर अर्थ खराब.

नाचला नाही तर टाकीवरची युनिटची वायर काढा. चावी ऑन केल्यावर काटा एका टोकाला गेला पाहिजे. तीच वायर चॅसीच्या स्वच्छ जागेला टेकवली की दुसऱ्या टोकाला. दोन्ही झालं तर मीटर आणि वायर ठीक, दोष युनिटमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये. वायर क्षणभरच टेकवा, मधे छोटा बल्ब घातला तर आणखी चांगलं, कारण जुन्या मीटरची कॉइल जास्त वेळ सरळ अर्थ दिल्यावर तापते. काही जुने काटे मुळातच सावकाश हलतात, त्यांना अर्धा मिनिट द्या.

काटा कायम रिकामी दाखवत असेल तर युनिट काढून फ्लोट कानाजवळ हलवा. आत डिझेलचा आवाज आला तर फ्लोटला बारीक भोक पडलंय, तो तरंगणार नाही.

आणि तीन गोष्टी करायच्या नाहीत. युनिटला बॅटरीचा पॉझिटिव्ह थेट द्यायचा नाही. टाकी उघडी असताना ठिणगी, बिडी, ग्राइंडर जवळ आणायचा नाही, पेट्रोलच्या गाडीत तर टाकीचं काम घरी करूच नका. आणि कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नवीन गाड्यांमध्ये वायर अर्थला टेकवायची ही चाचणी करू नका, ती जुन्या साध्या मीटरसाठी आहे.

काटा आता बरोबर आहे. तरी आम्ही हिशेब काट्यावर ठेवणं बंद केलं. चांगला काटाही अंदाजच देतो. टाकीचा आकार सरळ नसतो, फ्लोटची दांडी गोलाईत फिरते, त्यामुळे काटा अर्ध्यावर म्हणजे डिझेल अर्धं असं होत नाही. घाटात चढ-उताराला डिझेल एका अंगाला जातं आणि काटा त्याच्यामागे जातो. म्हणून सपाट जागेवर, गाडी थांबवून, जरा वेळाने बघितलेला काटाच खरा धरायचा.

हिशेबासाठी दोन साध्या गोष्टी केल्या. पहिली, टाकी फुल ते फुल. दर आठवड्याला एकदा टाकी तोंडापर्यंत भरायची आणि किलोमीटर लिहायचे. पुढच्या वेळी परत तोंडापर्यंत भरताना जेवढे लिटर बसले, तेवढं मधल्या किलोमीटरना लागलं. यात काट्याचा संबंध नाही, कोणाच्या फोटोचा नाही, ड्रायव्हर कोण याचाही नाही.

दुसरी, काठी. आमच्या गाडीची टाकी बाजूला आहे आणि तोंड सरळ वर, त्यामुळे काठी तळापर्यंत जाते. टाकी रिकामी असताना मापाच्या कॅनने पाच-पाच लिटर ओतत गेलो आणि प्रत्येक वेळी काठी बुडवून खाच पाडली. बारा खाचा. वरच्या आणि खालच्या खाचा एकसारख्या अंतरावर पडल्या नाहीत, यावरूनच टाकीचा आकार कळतो. काठी कोरडी, गुळगुळीत, साल काढलेली पाहिजे, कचरा टाकीत जाता कामा नये. ज्यांच्या टाकीचं तोंड वाकडं आहे त्यांना हे जमणार नाही, त्यांनी फुल ते फुलवर भागवावं.

ही काठी फक्त हिशेबासाठी नाही. डिझेल गाडी कोरडी पडली की नुसतं डिझेल ओतून चालू होत नाही. लाइनमध्ये एअर धरते. मग फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू ढिला करायचा, हातपंप मारत राहायचा, बुडबुडे थांबून निव्वळ डिझेल आलं की स्क्रू आवळायचा, तरी नाही झालं तर इंजेक्टरच्या नळ्यांचे नट ढिले करून परत तेच. अंगणात हे काम अर्ध्या तासाचं. रात्री माळशेजच्या वळणावर, धुक्यात, मागे टोमॅटो आणि फोनला रेंज नाही, तिथे ते किती तासांचं होईल सांगता येत नाही. आणि सकाळचा बाजार कोणासाठी थांबत नाही.

आमच्या पेजवर कृषी खात्यातली आणि विद्यापीठातली मंडळीही आहेत, त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. टेन्शिओमीटरमध्ये हवा शिरली की तो ओढ कमी दाखवतो आणि कोरडी जमीन ओली वाटते. म्हणून तर तुम्ही आम्हाला सांगता की आकडा बघा, पण मुळांपाशी खणून मूठभर माती दाबूनही बघा. गाडीची काठी म्हणजे ती मूठभर मातीच. फरक एवढाच की टेन्शिओमीटर चुकला तर पीक सोसतं, डिझेलचा काटा चुकला तर माणसाला सोसावं लागतं. आपल्या भागात फक्त काट्यावरून किती ड्रायव्हरांची कामं गेली असतील, कोण मोजणार? पंपाच्या पावत्या मात्र बहुतेक घरांत पिशवीत पडून असतात. कोणाचं नाव घेण्याआधी त्या मिळवायला दहा मिनिटं लागतात.

अण्णाबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण त्याने वाचून परवानगी दिली आहे. पुढच्या खेपेला क्रेट भरताना, तीच हमाल पोरं हजर असताना, त्याने अडकवलेले २,००० ड्रायव्हरच्या हातावर ठेवले. वर बुडालेल्या एका खेपेचा भत्ता दिला. "डिझेल कुठं गेलं नव्हतं, बोल्ट कुजला होता," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. बोलणं चारचौघांत झालं होतं, ते निस्तरायचं तर चारचौघांतच निस्तरायला हवं, हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही.

ड्रायव्हरने पैसे मोजून खिशात टाकले. मग म्हणाला, "अण्णा, आता फोटो मी नाय काढणार. निघताना काठी तुम्ही बुडवायची, आल्यावर पण तुम्हीच."

तेव्हापासून काठी गाडीत नसते, अण्णाच्या ओसरीवर खुंटीला असते. गाडी निघताना तो खाली येतो, काठी बुडवतो, खाच बघून वहीत लिहितो, आणि ड्रायव्हर शेजारी सही करतो. या आठवड्यात वाशीच्या दोन खेपा झाल्या. ५९२ किलोमीटर, ५४ लिटर.